समोरच्या दुकानातून

आईने ते सांगितलं चहाचे कप पुढ्यात ठेवता ठेवता, "दूध संपलंय" म्हणावं तशा आवाजात.

"यंदा मला भेट म्हणून तिघांनी तीन वस्तू आणू नका. मिळून एकच आणा. साबण आणा. समोरून."

बाळने पाव चहात बुडवला होता, तो तिथेच विरघळून तळाला गेला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हातात किटली घेऊन जागच्या जागी थांबली. पलीकडच्या खोलीतून नातवंडांचा आरडाओरडा येत होता.

"समोरून म्हणजे?" दादाने विचारलं. त्याला समजलं नव्हतं अशातला भाग नाही. त्याला जरा वेळ हवा होता.

"समोरून म्हणजे समोरून. रस्ता ओलांडला की. तुझ्या काकांच्या दुकानातून."

बेबीने हळूच दादाकडे पाहिलं. ती आदल्या संध्याकाळीच आली होती, प्रवासाचा शीण अजून अंगात होता, आणि वर्षअखेरची ही सुट्टी तरी भांडणाशिवाय जावी एवढीच तिची अपेक्षा होती. या घरात बेबी आणि बाळ अशी दोन माणसं होती आणि दोघांनीही चाळिशी केव्हाच ओलांडली होती. बाळच्या डोक्यावर तर केस शोधावे लागत. पण या टेबलाशी बसलं की दोघं पुन्हा तेवढीच लहान व्हायची आणि दादाच्या कपाळावर किती आठ्या पडल्यात ते बघून आपण किती बोलायचं ते ठरवायची.

"आई, तुला साबण हवाय ना?" दादा म्हणाला. "माझ्या दुकानात खाली खोकीच्या खोकी पडलीत. कुठला पाहिजे तो सांग."

"तुझ्या दुकानातला नको. तो कुठून येतो तुला तरी माहीत आहे का?"

"कारखान्यातून येतो."

"कुठल्या?"

दादाने कप उचलून चहाचा घोट घेतला.

बाळने वातावरण सैल करायचा प्रयत्न केला. एका मोठ्या साखळी दुकानात तो खरेदीचा साहेब होता, आणि जगातली कुठलीही अडचण मोबाइलवर सुटते असा त्याचा पक्का समज होता. "मी काय म्हणतो, कोणी जायलाच कशाला पाहिजे? घरपोच सामान आणून देणारी पोरं असतात. समोरच्या दुकानातून उचलायचं, आपल्या दारात टाकायचं. काकांना कळणारही नाही कोणासाठी नेलंय ते."

"बारा पावलांवरच्या दुकानातून साबण आणायला स्कूटर?" वहिनी म्हणाली, आणि बेबीला हसू फुटलं. दादाला नाही फुटलं.

"हसण्यावारी नेऊ नका," तो म्हणाला. "त्या माणसाने भर रस्त्यात उभं राहून अण्णांना काय म्हटलं होतं, ते मी ऐकलंय. तुम्ही दोघं शाळेत होतात. मी दुकानाच्या पायरीवर होतो. 'माझा भाऊ विकला गेला, या हो, बघा, विकला गेला.' शिंपीण, टोपीवाला, सगळी बाहेर येऊन बघत होती. अण्णा मान खाली घालून आत गेले. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

हे त्यांनी सगळ्यांनी कितीतरी वेळा ऐकलं होतं. अण्णा आणि काका, दोघे भाऊ मिळून साबण करायचे. खालच्या दोन खोल्यांत कढया होत्या, मागे वड्या वाळत घालायच्या फळ्या. काकांनी लग्न केलं नाही. दोन्ही वेळा ते याच टेबलाशी जेवायचे. मग एका मोठ्या कंपनीने अण्णांना विचारलं की साबण तुम्ही करा, वर नाव आमचं छापू. अण्णा तयार झाले. काका म्हणाले, माझ्या हातच्या वडीवर परक्याचं नाव लागणार नाही. तिथून घराचे दोन भाग झाले. काकांनी रस्त्यापलीकडे एक अरुंद गाळा घेतला. इकडे अण्णांचं चार-सहा वर्षं जोरात चाललं, मग कंपनीने हात वर केले, कढया भंगारात गेल्या, आणि दादाने त्याच जागेत तयार मालाची एजन्सी टाकली. अण्णा गेले त्या दिवशी काका आले होते. फाटकाबाहेर उभे राहिले आणि तसेच परत गेले.

"बरं," आई म्हणाली. "तू जाऊ नकोस. बेबी जाईल."

"या घरात त्या दुकानातली वस्तू येणार नाही," दादा म्हणाला. "अण्णा असते तर आली असती का?"

"येते," वहिनी म्हणाली.

तिने किटली टेबलावर ठेवली. या बाईने इतकी वर्षं नवऱ्याच्या आणि सासूच्या मध्ये कधी तोंड घातलं नव्हतं. पण आज तिच्या गालावर लाली चढली होती, आणि आता बोलून टाकलं नाही तर पुन्हा धीर होणार नाही, असं तिच्याकडे बघून वाटत होतं.

"काय येते?"

"साबण येतो. शिंपीण आणून देते मला. आपल्या मोठीच्या अंगावर लहानपणी पुरळ उठायचं, तुमच्या दुकानातल्या प्रत्येक साबणाने उठायचं, तेव्हापासून आणतेय. कागद काढून टाकते आणि वडी न्हाणीघरात ठेवते. तुम्हीही रोज त्यानेच अंघोळ करता."

बाळने तोंडावर हात दाबला. दादा खुर्ची मागे सारून उठला, आणि जिना उतरून खाली गेला. शटर वर ओढल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच मोठा.

"घ्या," बाळ म्हणाला. "सुट्टी सुरू झाली."

बेबी थोड्या वेळाने खाली गेली. दादा गल्ल्यामागे नव्हता. आतल्या खोलीत, जिथे पूर्वी मोठी कढई असायची, तिथे एका खोक्यावर बसला होता. खोलीत आता प्लास्टिकच्या वेष्टनांचा वास होता. बेबी समोरच्या खोक्यावर टेकली.

"तुला आठवतं," ती म्हणाली, "अण्णा आपल्याला सुट्टीत खरेदीला न्यायचे ते?"

त्याने मान किंचित हलवली. न आठवायला काय झालं? वर्ष संपायला आलं की अण्णा एक दिवस दुकान लवकर बंद करायचे, तिघांना रांगेत उभं करून केसांना पाणी लावून भांग पाडायचे आणि या रस्त्याच्या एका टोकापासून सुरुवात करायचे. प्रत्येकाने दुसऱ्या दोघांसाठी आणि आईसाठी भेट घ्यायची. अट एकच. ज्याचं तोंड आपण ओळखतो, त्याच्याकडूनच घ्यायची. आणि घेताना विचारायचं, हे तुम्ही कसं केलंत?

त्या एका प्रश्नापायी खरेदीला अख्खी संध्याकाळ लागायची. टोपीवाला वाफेच्या भांड्यावर टोपी धरून कडा कशी वळवायची ते दाखवायचा. वह्या बांधणाऱ्या बाईकडे सरसाचा डबा असायचा. त्याचा वास इतका वाईट की बाळ नाक धरूनच उभा राहायचा आणि तरी हलायचा नाही. खेळणीवाला म्हातारा बहिरा होता, त्याला प्रश्न ओरडून विचारावा लागे, आणि तो उत्तर द्यायच्या ऐवजी लाकडाचा तुकडा यंत्रावर चढवून सरळ भोवरा करूनच हातात द्यायचा, अजून गरम. बेबीच्या हाताला तो गरमपणा आत्ताही आठवत होता. खरेदी संपली की सगळ्या भेटी घेऊन घरी यायचं, आणि काका त्या बांधून द्यायचे. साबणाच्या वड्या गुंडाळायचा पातळ कागद असायचा, त्यात. त्यामुळे त्या घरातल्या सगळ्या भेटींना, मग ती टोपी असो की वही, लवंग आणि संत्र्याच्या सालीचा वास लागायचा.

"वहिनीवर रागावू नकोस," बेबी म्हणाली.

"तिच्यावर नाही रागावलो."

"मग?"

दादाने आपल्या पंज्यांकडे पाहिलं. शाळेतून आला की दप्तर फेकून तो थेट या खोलीत यायचा. काकांबरोबर कढई घोटायचा. अण्णा हिशेबात, बाळ खेळात, बेबी आईच्या मागे. कढईशी मात्र काका आणि दादा. लाकडाचं लांब वल्हं, त्याला दोन जोड्या हात. काका वर धरायचे, तो खाली.

आणि एकाएकी बेबीच्या डोक्यात प्रकाश पडला. तो वास ज्याच्या अंगात मुरला होता, त्याला न्हाणीघरातली वडी कोणाची आहे हे कळायला वहिनीने कशाला सांगायला हवं?

"दादा, तुला माहीत होतं."

त्याने खोक्यावरची चिकटपट्टी नखाने उचकटली.

"पहिल्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "अंगाला लावली आणि कळलं. म्हटलं, ही सांगत नाही तर आपण कशाला विचारा? विचारलं असतं तर बंद करायला लागलं असतं."

"मग चल ना आमच्याबरोबर. आई स्वतः येणार म्हणतेय."

"ते वेगळं," दादा म्हणाला. त्याचा चेहरा पुन्हा मिटला. "न्हाणीघरात कोणी बघत नाही. त्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे अण्णा चुकले असं म्हणायचं. ते मला जमणार नाही, बेबी. तू आग्रह करू नकोस."

आई जिना उतरायची तर एकेका पायरीवर थांबून. गुडघ्यांनी दावा धरल्यापासून ती सहसा खाली यायचीच नाही, आज मात्र बेबीबरोबर समोर जायला निघाली. बेबीने हात पुढे केला तर तिने तो झिडकारला आणि मग पुढच्याच पायरीवर स्वतःहून धरला. दादाच्या दुकानावरून जाताना तिने तिकडे पाहिलं नाही. दादानेही खोकी मोजतोय असं दाखवलं.

रस्ता बेबीच्या आठवणीतल्यापेक्षा अरुंद वाटला. टोपीवाल्याच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. खेळणीवाल्याचा गाळा कधीचा बंद, कुलपाला गंज. वह्या बांधणाऱ्या बाईची सून मात्र दारात बसून काहीतरी शिवत होती, तिने आईला बघून सुई तशीच धरली आणि तोंड उघडं टाकलं.

"बघ, बघ," आई पुटपुटली. "संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला कळेल. बरंच आहे."

"पण आई, आत्ताच का? इतकी वर्षं गेली."

आई रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तिने त्याला हाताने बाजूने जायला सांगितलं.

"दरवर्षी थंडी पडायच्या आधी ते मोठा घाणा काढतात. सुट्टीतल्या गिऱ्हाइकांसाठी. खिडकी उघडली की लवंगेचा वास वर येतो माझ्या खोलीत. खोलीभर. मी कोणाला बोलले नाही कधी, पण वाट बघते मी त्या दिवसाची." ती पुन्हा चालायला लागली. "यंदा आला नाही."

काकांचं दुकान म्हणजे एक काउंटर, त्याच्या मागे फळ्या, आणि मागच्या खोलीचा पडदा. पूर्वी फळ्या वरपासून खालपर्यंत भरलेल्या असायच्या, असं लांबून दिसायचं. आता एका फळीवर थोड्या वड्या रचल्या होत्या आणि बाकीच्या पुसून रिकाम्या ठेवल्या होत्या. काका स्टुलावर बसून कागदाच्या चौकोनी घड्या करत होते. वर पाहिलं, आणि उठताना घड्या सगळ्या खाली पडल्या.

"वहिनी," ते म्हणाले. एवढंच.

"तुम्ही बसा," आई म्हणाली. "मी आज गिऱ्हाईक आहे. मला साबण द्या. पोरं भेट देणार आहेत मला."

काकांनी बेबीकडे पाहिलं, मग फळीकडे. ते वाळले होते. गळ्याशी शर्टाची कॉलर सैल झाली होती. भुवया मात्र अण्णांच्याच, तशाच झुपकेदार. बेबीला क्षणभर बघवेना.

"हे नाही देणार," ते म्हणाले.

"का? आमच्या पैशांना वास येतो?"

"वड्या जुन्या आहेत, वहिनी. गेल्या वर्षीच्या. वास उडालाय. कोणी अनोळखी आला तर सांगून देतो. तुम्हाला काय म्हणून देऊ?"

"मग ताजा द्या."

"ताजा नाही."

"नाही कसा? कढई विकली की काय?"

काकांनी खाली पडलेले कागद उचलायला हात पुढे केला, आणि बेबीने पाहिलं. ती दवाखान्यात नर्स होती, माणूस खांदा जपून वाकला की तिच्या लगेच ध्यानात यायचं. उजवा हात कोपरापासून चालत होता, वर खांद्यातून नाही.

"काका, कधी पडलात?"

"उन्हाळ्यात. फळीवरून डबा काढत होतो." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "हाड जुळलंय म्हणतात डॉक्टर. जुळलं असेल. पण वल्हं फिरत नाही. चार फेरे मारले की हात गळून पडतो. घोटताना मध्येच थांबून चालत नाही ना. एकदा केला प्रयत्न, सगळा माल फाटला. ओतून दिला." ते पुन्हा कागदाच्या घड्यांकडे वळले. "म्हटलं, आता पुरे. झाला तेवढा धंदा झाला."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत."

"कोणाला सांगायचं होतं?"

आई काही बोलणार होती. पण तिचा गुडघा तेव्हाच लचकला, की इतका वेळ उभं राहून ती दमली होती, कोण जाणे. ती दारातल्या स्टुलावर एकदम खाली बसली, धपकन. स्टूल करकरलं. बेबी धावली. आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडून दादा पळत आला. अनवाणी. खोकी मोजता मोजता त्याचं सगळं लक्ष इकडेच होतं, हे त्यावरून उघड झालं. त्याच्या मागून बाळ जिना उतरून येताना दिसला.

"आई! काय झालं? चक्कर आली?"

"काही झालं नाही. बसले."

दादाने तिचा हात धरला, चेहरा निरखला, आणि मग आपण कुठे उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं. तो उंबरठ्याच्या आत होता. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला होता, डाव्या हाताने. दादाने पेला घेतला नाही.

"चल आई. घरी चल."

"घेऊन जा," काका म्हणाले. "दमल्यात त्या."

त्या आवाजात कसलाच राग नव्हता, आणि त्यानेच बहुधा दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही नका सांगू मला," तो फिरून म्हणाला. "माझ्या बापाला इथे याच रस्त्यात उभं केलंत तुम्ही. ज्या भावाने तुम्हाला जेवू घातलं त्याला. एकदा तरी येऊन म्हणालात, चुकलं म्हणून? ते जिवंत होते तोवर?"

"नाही म्हणालो."

"का?"

काकांनी पेला काउंटरवर ठेवला. "त्याची वाट बघत होतो. तो म्हणेल म्हणून."

"त्यांनी कशाला म्हणायचं? त्यांनी काय केलं होतं?"

काकांनी आईकडे पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली. नका सांगू, असं. बेबीने ते पाहिलं. दादानेही पाहिलं.

"सांगते मी," आई म्हणाली.

"वहिनी, जाऊ द्या. तो गेला."

"तो गेला म्हणून तर इतकी वर्षं मूग गिळून बसले." आईने दादाचा हात सोडला नव्हता, तो तिने दुसऱ्या हातानेही धरला. "तू पायरीवरून ऐकलंस ते खरं. पण त्याच्या आधी आत काय झालं ते तू ऐकलं नाहीस. दार लावलेलं होतं. मी आत होते. तुझे काका सांगत होते की कंपनीचं नाव नको, हवं तर कमी करू पण आपलं करू. आणि तुझे अण्णा म्हणाले, 'तुला विचारतोय कोण? तुला भाऊ म्हणून नाही, नोकर म्हणून ठेवलाय मी. जेवतोस त्यात भागलं.' असं म्हणाले. मी ताट वाढत होते यांचं. ते ताट तसंच राहिलं."

बाळ दारात येऊन थांबला होता, त्यालाही पुढे यावं की नाही कळेना.

"अण्णा असं म्हणाले?" दादाने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"म्हणाले. वाईट माणूस नव्हता रे तुझा बाप. घाबरला होता. तुम्ही तिघं शिकत होतात, धंदा बसत चालला होता, आणि कंपनीचा माणूस बाहेर ताटकळत होता. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून गेलं. नंतर रोज जेवताना यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे. पण उठून रस्ता ओलांडणं काही झालं नाही त्यांच्याने. आणि ते गेल्यावर पोरांसमोर त्यांना खाली कसं आणू? म्हटलं, पोराला वाटतंय बाप देव होता, तर वाटू दे."

दादा काउंटरला टेकला. तो काकांकडे बघत नव्हता, आईकडेही नाही. रिकाम्या फळ्यांकडे बघत होता. बेबीला वाटलं आता हा निघून जाईल, आणि मग या घरात हा विषय कायमचा बंद होईल. तिने काकांकडे पाहिलं तर ते पडलेल्या कागदांतला एकच कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

"सामान आहे का?" दादाने विचारलं.

"कसलं?"

"तेल. कॉस्टिक सोडा. लवंगा."

"आहे सगळं. उन्हाळ्याआधी भरलं होतं. मागे आहे." काकांना उमगायला वेळ लागला. "अरे, पण तुला आता..."

"वल्हं तेच आहे?"

"दुसरं कुठून आणणार?"

दादाने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि पडदा बाजूला करून मागच्या खोलीत गेला.

पुढचे कित्येक तास कसे गेले ते बेबीला नंतर नीट सांगता आलं नसतं. खोली एवढीशी, त्यात कढई, आणि कढईभोवती सगळं घर. काका भिंतीशी उभे राहून सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचा चांगला हातही हवेत फिरत होता. कॉस्टिकच्या पाण्याला हात लावू दिला नाही त्यांनी कोणाला. ते स्वतः डाव्या हाताने, बारीक धारेने सोडलं. बाळला त्यांनी लवंगा कुटायला बसवलं. तो आधी म्हणाला की याला एक छोटी मोटर बसवली तर काम चुटकीसरशी होईल, काकांनी त्याला फक्त "कूट" म्हटलं, आणि तो कुटायला लागला. वहिनी घरून जुनं ब्लँकेट आणि चहा घेऊन आली. काकांनी तिला पहिल्यांदाच जवळून पाहिलं.

"शिंपीण नेते तो साबण तुझ्याकडे जातो ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"शिंपीण एकटी बाई. ती कितीदा अंघोळ करणार?"

बाळ इतका हसला की खलबत्ता आडवा झाला. आई दारातल्या स्टुलावरून ओरडली, लवंगा सांडू नका.

दादा घोटत होता. सुरुवातीला जोरात, रागाने, तेल काठावरून उडेल असं. मग काका म्हणाले, "हळू. त्याला घाई झालेली चालत नाही." मग हळू. मिश्रण आधी नुसतंच पातळ तेल होतं, मग ढगाळ झालं, मग मलईसारखं. दादाच्या पाठीवर शर्ट चिकटला. बेबीने मध्ये वल्हं घेतलं, थोड्या वेळात तिचे दंड भरून आले. बाळने घेतलं, त्याची त्याहून लवकर वाट लागली. दादाने ते पुन्हा आपल्याकडे घेतलं. आणि कधीतरी काका पुढे आले आणि त्यांनी डाव्या हाताने वल्ह्याला वरून धरलं. जोर काहीच नव्हता त्या हातात. नुसता ठेवला होता. दादाने आपले हात थोडे खाली सरकवले आणि जागा करून दिली.

बेबीला रडू आलं. आठवणीतली ती खोली ही नव्हे, ती समोर होती आणि आता खोक्यांनी भरली होती. पण तेव्हा ती दारातून असंच डोकावून बघायची, आत शिरायची हिंमत नसायची, आणि अण्णांचा आवाज बाजूच्या खोलीतून यायचा. आज तो येणार नव्हता. त्यांनाही इथे असायला हवं होतं, तिला फार वाटलं. घाबरट, तापट, भांग पाडून देणारे अण्णा.

लवंगेची पूड आणि संत्र्याची साल पडली तसा वास उठला. खोली भरली, पडदा ओलांडून दुकान भरलं, रस्त्यावर गेला. स्टुलावर आईने डोळे मिटले.

साच्यात ओतून झालं. वर ब्लँकेट घातलं.

"आता?" बाळने विचारलं. "उद्या मिळेल?"

"उद्या कापायचा. मग वाळायला हवा. महिना, दीड महिना. जास्तच, थंडी आहे."

"पण सुट्टी तर संपतेय. आईची भेट?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिने डोळे उघडले.

"मला कुठे जायचंय?" ती म्हणाली. "वाळू दे सावकाश. झाला की तुम्ही सगळे या. ही भेट पोस्टाने चालायची नाही."

तेवढ्यात रस्त्यावरून हाका यायला लागल्या. दादाच्या दुकानासमोर एक गिऱ्हाईक मघापासून ताटकळत उभं होतं. शटर सताड उघडं, गल्ल्यावर कोणी नाही. त्या माणसाला शेवटी दादा दिसला, समोरच्या दुकानाच्या दारात, कोपरापर्यंत माखलेला.

"अहो शेठ! दुकान उघडं टाकून तिकडे काय करताय?"

वह्यांच्या दुकानातली सून मान वळवून बघत होती. शिंपीण खिडकीत आली होती. दादाने एकदा रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"थांबा जरा," तो मोठ्यांदा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घरचं काम आहे."

आणि कढई खरवडायला तो पुन्हा आत गेला.